मुक्या अक्षरांचा बुधवार

हिवाळ्यातला उजेड आमच्या अंगणात एकदम येत नाही. आधी तो शेजारच्या रामधनकाकांच्या छपराच्या टिनांवर येतो आणि तिथे बराच वेळ नुसता बसून राहतो. दवाने ओली झालेली टिने तेव्हा राखेच्या रंगाची असतात. मग त्यांच्या कडेला पितळेची एक बारीक रेघ उमटते आणि हळूहळू रुंद होत खाली उतरते. खाली आमचे कुंपण आहे, तुराट्यांचे. तुरीच्या वाळलेल्या काड्या दाटीने रोवलेल्या, त्यामुळे उजेडाला तिथून सलग येता येत नाही. तो फटीफटीतून, तुकड्यातुकड्यांनी आत शिरतो. सारवलेल्या अंगणावर त्याच्या पट्ट्या पडतात. उपड्या घातलेल्या घमेल्यावर, पाण्याच्या टाकीवर, दोरीवरच्या ओल्या टॉवेलवर पट्ट्या सरकत जातात. आंघोळीच्या पाण्यासाठी आईने पेटवलेल्या चुलीचा धूर पट्टीत शिरला की दिसतो, पट्टीबाहेर पडला की नाहीसा होतो. धूर तिथेच असतो, फक्त दिसत नाही. या उजेडात विशेष काही नाही. कामरगावातल्या प्रत्येक अंगणात तो असाच येत असेल. त्या सकाळीही तो तसाच आला, ओट्याच्या पायरीवर चढला आणि तिथे बसलेल्या माझ्या बहिणीच्या गळ्यावर थांबला.

त्या उजेडात मला प्रथम दिसले, की पौर्णिमा ‘र’ जिभेने उच्चारत नाही.

तिच्या गळ्याची त्वचा किंचित हलली, घशाच्या तळाशी काहीतरी खरवडल्यासारखा आवाज झाला आणि फ्रेंच शब्द बाहेर पडला. तो ‘र’ मी तिला शिकवलेला नव्हता. माझा ‘र’ आपला आहे, टाळूवर जीभ थरथरवून काढलेला. मी दात घासता घासता थांबलो. दुसऱ्याच क्षणी तिने मांडीवर टाळी दिली. एकच.

ज्या शब्दाला मी दोन टाळ्या शिकवल्या होत्या, त्याला तिने एकच दिली होती.

आमच्या घरी फ्रेंच भाषा कशी आली ते सांगायला हवे. नागपूरला शिकत असताना मी तिचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला. लेखी परीक्षेत मला उत्तम गुण मिळाले. तोंडी परीक्षेत परीक्षकांचा आणि माझा मेळ बसला नाही. पुढच्या वर्षी परीक्षक बदलले, तरी बसला नाही. मग मी गावी परतलो आणि इथल्या शिकवणी वर्गात इंग्रजी शिकवू लागलो. पौर्णिमा माझ्याहून धाकटी. नर्सिंगचे शिक्षण संपवून ती कारंज्याच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. कॅनडाच्या ज्या भागात फ्रेंच बोलतात तिथे परिचारिका हव्या आहेत, हे तिला कुठून तरी कळले, आणि एका संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, “दादा, मले शिकव.” त्या दिवसापासून रोज सकाळी ओट्यावर आमचा वर्ग भरत असे. माझ्या दिवसातला तेवढाच भाग असा होता, ज्यात माझ्या ज्ञानाची कुणाला गरज होती.

मी तिला क्रियापदे शिकवीत असे, आणि बाबा आम्हाला ज्या रीतीने शिकवीत त्याच रीतीने. आमचे बाबा, गोविंदा, दर रविवारी विहारात गावातल्या पोरांकडून वंदना म्हणवून घेतात. पाली शब्दाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला टाळी द्यायची. गच्, छा, मि. तीन टाळ्या. कुणी एखादा तुकडा गिळला की बाबा हात वर करून सगळ्यांना थांबवतात. “अरे, खाऊन कायले राह्यला? आपल्या आज्याले हे बोलू देत नव्हते. एकेक अक्षर पुरं म्हन.” लहानपणी ऐकलेले हे वाक्य माझ्या जिभेत मुरले आहे. लिहिलेले अक्षर न उच्चारणे मला आजही कुणाचा तरी अपमान केल्यासारखे वाटते.

फ्रेंच क्रियापदे मात्र याच्या उलट वागतात. त्यांच्या शेवटी दोनदोन, तीनतीन अक्षरे उभी असतात आणि तोंड उघडत नाहीत. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांच्या लिखाणात फरक आहे, कानाला एकच ऐकू येते: पार्ल. कागदावर त्याचे दोन तुकडे पडतात, पार आणि ल; तोंडात एकच. नियम मला पाठ होते. तरीही मी दोन टाळ्या देत असे, कारण दुसऱ्या तुकड्याला वगळणे माझ्या हाताला जमत नव्हते. मला त्या भाषेचा पहिल्यापासून थोडा संशयच होता. जी माणसे लिहितात एक आणि बोलतात दुसरे, त्यांच्या मनात काय असेल कुणास ठाऊक.

आणि आता हाच प्रकार माझ्या घरी सुरू झाला होता.

“पुन्हा म्हण,” त्या सकाळी मी म्हणालो.

पौर्णिमाने मान वळवली. तिने माझ्याकडे पाहिले, आणि या वेळी जिभेचा ‘र’ वापरून, दोन टाळ्या देत, माझ्यासारखाच शब्द म्हटला.

“आधी असा नव्हता म्हटला.”

“मंग कसा म्हनला?” तिने हसून विचारले आणि डबा भरायला आत गेली.

संशयाला एकदा जागा मिळाली की तो घरातल्या माणसासारखा वावरू लागतो. त्यानंतर मी तिच्याकडे नव्हे, तिच्या आवाजाकडे पाहत राहिलो. ‘आमच्याकडे आहे’ हे वाक्य मी तिला दोन वेगळ्या शब्दांत शिकवले होते: नू, मग श्वास, मग आ-वों. एकदा ती भाकरी थापताना पुटपुटत होती आणि मी दाराआड उभा होतो. तिच्या तोंडून आले, नू-झा-वों. पहिल्या शब्दाच्या शेवटी जे अक्षर मुके उभे असते, ते तिने जागे केले होते आणि पुढच्या शब्दाच्या तोंडाशी नेऊन बसवले होते. हाही नियमच आहे. पण ते ऐकून मला निराळेच काही जाणवले. स्वतःच्या घरात जे अक्षर गप्प असते, ते दुसऱ्याच्या दारात गेल्यावर बोलू लागते. मग पौर्णिमा कुणाच्या दारात जात होती?

बुधवारी तिची सुटी असे. गेल्या दिवाळीपासून ती दर बुधवारी वाशीमला जाऊ लागली होती. विचारले तर म्हणे, कागदपत्रांचे काम आहे. इतके काम तहसीलदारालाही नसेल. वाशीमला तनुजा नावाची तिची मैत्रीण राहत होती, असे ती सांगे. त्या तनुजाला आमच्यापैकी कुणीही पाहिले नव्हते. येत्या रविवारी मुलाखत होती. परदेशातली बाई संगणकाच्या पडद्यावर येऊन पौर्णिमाशी अर्धा तास फ्रेंच बोलणार होती, आणि आपल्या गावात नेटवर्क टिकत नाही म्हणून ती मुलाखत तनुजाच्या घरून द्यायची, असे पौर्णिमाने ठरवले होते. सगळे पटण्याजोगे होते. जे फार पटण्याजोगे असते, तेच मला रात्री जागे ठेवते.

माझा मित्र धम्मरत्न झेरॉक्सचे दुकान चालवतो. माझ्या मनातले मी त्याला सांगितले नव्हते. फक्त विचारले, की एखाद्याचा उच्चार आपोआप बदलू शकतो का.

त्याने झाकण उचलून कागद उलटा केला. “कोनाचा? पौर्णिमाचा?”

“कुणाचाही.”

“मास्तर बदलला असन तिनं,” तो म्हणाला. “तुहा माल जुना झाला, गड्या. मार्केटमंधी नवा आला असन.”

“थट्टा नको करूस.”

“बरं, नाही करत. पन तू तोंड काहून असं केलं? तिचा मास्तर बदलला का तुही नोकरी गेली?”

त्याच्या यंत्रातून हिरवा उजेड सरकत गेला. मी घरी आलो. नवा मास्तर हा शब्द डोक्यातून जाईना. मी त्याला चेहरा दिला, चष्मा दिला, वाशीमच्या सिव्हिल लाइनमध्ये वरच्या मजल्यावर खोली दिली. तो पुण्यात शिकलेला असावा. त्याचा ‘र’ घशातून येत असावा. तो पौर्णिमाच्या चुका दाखवताना टाळी वाजवत नसावा, नुसता हसत असावा.

सोमवारी संध्याकाळी जेवणे झाल्यावर बाबांनी मला ओट्यावर बोलावले.

“अश्वजित, पोरगी बुधवारी कुठं जाऊन राह्यली?”

“वाशीमला. कागदपत्रांसाठी.”

“ते मले मालूम आहे. मी तुले इचारून राह्यलो.” बाबांनी आवाज उतरवला. “मंगरूळचे पाव्हने येनार आहेत तिले पाहाले. कोनी काही बोललं तर मी काय सांगू? तू तिचा मास्तर. तुले तिचं काही वेगळं वाटते का? तू म्हनशील तर ह्या बुधवारपासून जानं बंद. ते इंटरव्ह्यूचंही राहू देऊ.”

आई आतून भांडी घासता घासता म्हणाली, “काहून बंद? अन् तुमी दोघं बापलेक असे कुजबुजून कायले राह्यले? पोरगी घरातच आहे ना? इचारा ना तिले!”

विचारणे ही बोलक्या माणसांची सोय आहे. माझ्या घशाशी त्या क्षणी एक वाक्य तयार होते: होय बाबा, वाटते. एवढेच. ते म्हटले असते तर बुधवार संपला असता, वाशीम संपले असते, रविवारची मुलाखत संपली असती आणि पौर्णिमा रोज सकाळी माझ्यासमोर ओट्यावर बसून दोन टाळ्या देत राहिली असती. हे मला स्पष्ट दिसत होते. त्यात मला जो एक गारवा वाटला, त्याची मला भीती वाटली.

“बुधवारी स्वतः पाहतो,” मी म्हणालो. “मग सांगतो.”

बुधवारी मी तिच्या आधी निघालो. जीपने कारंज्याला पोहोचलो आणि वाशीमच्या गाडीत अगदी मागे, टायरवरच्या सीटवर जाऊन बसलो. थंडी होती, डोक्यावरून दुपट्टा घेऊन नाकापर्यंत तोंड झाकून घेतलेली माणसे गाडीत आणखीही होती. थोड्या वेळाने पौर्णिमा चढली आणि पुढे खिडकीजवळ बसली. तिने कानात काही घातले नाही. फोन पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली.

गाडी गाव सोडून रस्त्याला लागली आणि तिच्या सगळ्या काचा एकदम खडखडू लागल्या. त्या आवाजात शेजारच्याचेही बोलणे ऐकू येत नाही. पौर्णिमाच्या खिडकीच्या काचेत मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता. तिचे ओठ हलत होते.

ती कुणाशी बोलत होती? मी पुढच्या प्रत्येक सीटवरचे डोके न्याहाळले. एक म्हातारी झोपली होती. दोन पोरे फोनवर काही पाहत होती. कंडक्टर तिकिटे देत माझ्यापर्यंत आला. त्याच्या खिशावर प्रेमसिंग असे नाव होते. परत जाताना तो पौर्णिमाच्या सीटजवळ थांबला आणि खडखडाटावरून ऐकू जावे म्हणून ओरडून म्हणाला, “ताई, आज इंजनपेक्षा तुमचाच आवाज जास्त आहे!”

“इंजनले हळू कराले सांगा मंग!” पौर्णिमाही ओरडली.

तो हसत पुढे गेला. म्हणजे तो तिला ओळखत होता. मी त्याच्या बोटांकडे पाहिले, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. आता सांगायला लाज वाटते, पण काही क्षण मी प्रेमसिंगलाही चष्मा लावून पाहिला.

मंगरूळपीरच्या स्टँडवर एक तरुण चढला. हातात फाइल, पायात चकचकीत बूट. तो इकडेतिकडे पाहत थेट पौर्णिमाच्या शेजारी जाऊन बसला. तिचे ओठ थांबले. हाच तो. दोघेही समोर पाहत होती, एक शब्द बोलत नव्हती, आणि त्यांचे ते न बोलणे मला कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त ओळखीचे वाटले. मी सीटची दांडी धरून उभा राहिलो. एवढ्यात एका फाट्यावर गाडी थांबली आणि तो तरुण तिच्याकडे ढुंकूनही न पाहता उतरून गेला. गाडी सुरू झाली, काचा खडखडल्या आणि पौर्णिमाचे ओठ पुन्हा हलू लागले.

उभा राहिलोच होतो, म्हणून मी दोन सीटा पुढे सरकून बसलो. तिथून तिचा आवाज येत होता.

ती ‘निघणे’ हे क्रियापद चालवत होती. झ-पार. नू-पार-तों. मग भविष्यकाळ: झ-पार-ती-रे. मी निघेन. प्रत्येक तुकडा पुढच्याला हात देत होता. मधे कुठे फट नव्हती, श्वासही जिथे हवा तिथेच येत होता. घशातला ‘र’ खिडकीच्या गजांवर घासल्यासारखा खरखरत होता आणि तिला त्याची लाज नव्हती. नंतर ती कुणातरी रुग्णाशी बोलू लागली: कुठे दुखते, किती वेळापासून, हात इकडे करा. प्रश्न तिचे, उत्तरेही तिचीच. मला सगळे कळत नव्हते. हे मी मनात ‘गाडीचा आवाज फार आहे’ या शब्दांत नोंदवले.

वाशीमच्या स्टँडवर ती उतरली. मी अंतर राखून मागे गेलो. ती रस्त्याकडे वळली नाही. कुठल्या रिक्षेत बसली नाही. चहाच्या टपरीजवळच्या बाकावर जाऊन बसली आणि पाठमोरीच म्हणाली, “दादा, काढ तो दुपट्टा आता. गुदमरशीन.”

मी उभाच राहिलो.

“कारंज्यापासून पाहून राह्यली मी. तुह्या चपला ओळखत नाही काय? ये, बस. भाऊ, दोन चहा द्या.”

मी बसलो. चहा आला. मी काय विचारणार होतो ते किती दिवस घोकले होते. आता ते भलत्याच तुकड्यांत बाहेर पडले.

“तो कुठे आहे?”

“कोन?”

“शिकवणारा.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मोठ्याने हसली, इतकी की टपरीवाल्याने वळून पाहिले. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते हसण्याचे राहिले नाही.

“म्हनून आला तू? मले वाटलं, मी कशी बोलते ते ऐकाले आला. म्हनून मी आज मुद्दाम जोरानं बोलली.”

“मग इथे येऊन करतेस काय?”

“चहा पेते. अन् हीच गाडी वापस निघाली का घरी जाते.”

“आणि तनुजा?”

“तनुजा आहे. रविवारी ये ना सोबत, दाखवते तुले. तिचं घर स्टँडमागं आहे.” तिने पेला खाली ठेवला. “दवाखान्यात डबा खाताना फोनवर त्या लोकायचं बोलनं ऐकते मी. ऐकलेलं तोंडातून काढाले जागा पाह्यजे ना? घरी तोंड उघडलं का तू टाळी वाजवतो. गाडीत कोनी वाजवत नाही. इथं मी चुकली तरी काचा वाजत राह्यतात.”

“हे मला सांगितले असतेस तर?”

समोर गाड्या मागेपुढे होत होत्या, लाउडस्पीकरवर कुठल्याशा गावांची नावे पुकारली जात होती.

“सांगतलं असतं तर तू शिकवनं सोडलं असतं,” ती म्हणाली. “मंग सकायी उठून तू काय केलं असतं, दादा?”

मी चहाकडे पाहिले. त्यावर साय धरली होती.

तरीही माझ्या आतल्या संशयाने हार मानली नाही. त्याने आणखी एक वळण घेतले: ती खोटे तर बोलत नसेल? मी म्हणालो, “म्हण बरे. ‘ते बोलतात’.”

पौर्णिमाने म्हटले. ईल-पार्ल. माझा हात सवयीने उचलला गेला, एक टाळी पडली, आणि दुसरीसाठी तळवे उघडले तेव्हा तिचा शब्द संपलेला होता. माझे दोन्ही हात तसेच हवेत राहिले. तिने ते पाहिले आणि आपला हात माझ्या हातांवर ठेवून ते खाली घेतले, सलाइन लावलेल्या माणसाचा हात खाली ठेवावा तसे.

“बाबाले काय सांगशीन?” तिने विचारले. बाबांनी मला काय विचारले होते, हे तिला ठाऊक होते. आईने सांगितले असावे.

मी पेला उचलून गार झालेला चहा संपवला.

परतीच्या गाडीत आम्ही एकाच सीटवर बसलो. तिने मला खिडकी दिली. काचा खडखडत होत्या. “बोल ना तू बी,” ती म्हणाली, “कोनी ऐकत नाही.” मी तोंड उघडले. नू, मग श्वास, मग आ-वों. त्या एवढ्या आवाजातही मला माझा श्वास ऐकू आला, दोन शब्दांच्या मधोमध, कुंपणाच्या काडीसारखा उभा. मी पुन्हा म्हटले. तो तिथेच होता. पौर्णिमाने काही दुरुस्त केले नाही. ती बाहेर हरभऱ्याच्या शेतांकडे पाहत होती, आणि तिने हे न करणे किती काळजीपूर्वक केले, ते मला जाणवले.

घरी पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता. बाबा ओट्यावर वाट पाहत होते. पौर्णिमा चपला काढून सरळ आत गेली. दाराआड तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला. ती तिथेच उभी होती.

“पाह्यलं?” बाबांनी विचारले.

“पाहिले.”

“कोन आहे?”

अजूनही वेळ होता. कुणीतरी आहे, असे म्हणता आले असते. किंवा कळले नाही, असेही म्हणता आले असते. त्या वाक्यावरही बुधवार बंद झाला असता. तुराट्यांच्या कुंपणात आता उजेड नव्हता, सगळ्या फटी सारख्याच काळ्या दिसत होत्या. बाबांनी मान पुढे करून पुन्हा विचारले, “अरे, तिथं तिले भेटते तरी कोन?”

“कोनीच नाही, बाबा,” मी म्हणालो. “रविवारी मी तिच्यासोबत जाऊन राह्यलो. पाव्हन्यायले नंतर बोलवा.”

“मंग तू एवढा कायले घाबरला होता?”

“तिले माह्यापेक्षा चांगलं फ्रेंच येते.”